अॅरिस्टॉटलचं हरवलेलं दुसरं पुस्तक : पुनर्रचना किती, कल्पना किती?

मंडळी, आज आपण अशा एका पुस्तकाविषयी बोलणार आहोत, जे इथे बसलेल्या कुणीही वाचलेलं नाही. आम्हीही नाही. तरी त्या पुस्तकावर पुस्तकं निघाली, त्याच्यावरून एक जगप्रसिद्ध कादंबरी लिहिली गेली आणि काही विद्वानांनी तर ते पुस्तकच आपल्या हातांनी पुन्हा उभं केलं. हे पुस्तक म्हणजे अॅरिस्टॉटलच्या 'काव्यशास्त्रा'चा दुसरा भाग. विषय कॉमेडी, म्हणजे माणसाला हसवणारं नाटक.

आता मंगरूळपीरला बसून आम्ही ग्रीकांचं हरवलेलं पुस्तक का शोधतो आहोत, असं कुणाला वाटेल. त्याला उत्तर आहे. हरवलेले ग्रंथ पुन्हा जुळवण्याचा अनुभव आपल्या या भागाला जुना आहे, आणि ग्रीक विद्वानांना जोखायला तोच अनुभव उपयोगी पडतो. त्याकडे थोड्या वेळाने येऊ.

आधी हे पुस्तक खरंच होतं का, ते पाहू. उपलब्ध 'काव्यशास्त्रा'चं सहावं प्रकरण सुरू होताना अॅरिस्टॉटल म्हणतो की महाकाव्याबद्दल आणि कॉमेडीबद्दल आपण पुढे बोलू. महाकाव्याबद्दल तो पुढे बोलतो. कॉमेडीबद्दल काही येत नाही, ग्रंथच संपतो. त्याच्या 'वक्तृत्वशास्त्रा'त दोन ठिकाणी असा उल्लेख आहे की हास्यास्पद गोष्टींचे प्रकार काव्याच्या ग्रंथात सांगून झालेत. आपल्या हातातल्या ग्रंथात ते कुठेच नाहीत. 'राज्यशास्त्रा'च्या शेवटच्या भागात 'कॅथार्सिस' या शब्दाचं स्पष्टीकरण काव्याच्या ग्रंथात देऊ असं आश्वासन आहे. तेही सापडत नाही. डायोजिनिस लेअर्शिअसने अॅरिस्टॉटलच्या ग्रंथांची जी यादी दिली, तिच्यात काव्यकलेचा ग्रंथ दोन पुस्तकांचा म्हणून नोंदवला आहे. जुन्या एका ग्रीक शब्दकोशात 'अत्यंत कुत्र्यासारखा' अशा अर्थाचा एक विचित्र शब्द अॅरिस्टॉटलच्या काव्यावरच्या ग्रंथातला म्हणून दिलाय. आपल्या प्रतीत तो शब्द नाही. आणि १२७८ साली विल्यम ऑफ मर्बेक याने 'काव्यशास्त्रा'चं लॅटिन भाषांतर केलं, त्याच्या शेवटी तो पहिलं पुस्तक संपलं अशी नोंद करतो. पहिलं संपलं म्हणणाऱ्याच्या मनात दुसरं असतंच ना.

तर पुस्तक होतं, यात आम्हाला शंका वाटत नाही. पण ते गेलं कसं?

इथे उंबेर्तो एको मध्ये येतो. त्याची 'गुलाबाचं नाव' ही १९८० ची कादंबरी पुष्कळांनी वाचली असेल, नाहीतर सिनेमा पाहिला असेल. १३२७ साल, इटलीतला एक मठ, आंधळा म्हातारा साधू. त्याला हास्याची भीती वाटते, म्हणून तो अॅरिस्टॉटलच्या दुसऱ्या पुस्तकाच्या पानांना विष लावून ठेवतो. बोटाला थुंकी लावून पानं उलटणारा वाचक मरतो. (हशा) कादंबरी म्हणून फार उत्तम. पण त्यातून लोकांच्या मनात एक समजूत घट्ट बसली, की धर्मवाल्यांना हसू सहन होत नव्हतं म्हणून त्यांनी हे पुस्तक दाबलं. मंडळी, ही समजूत टिकत नाही. ज्या बायझंटाइन ख्रिस्ती लोकांनी अॅरिस्टॉटल सांभाळला, त्यांनीच अॅरिस्टोफनीसची अकरा नाटकं सांभाळली. त्या नाटकांत जी भाषा आहे ती आम्ही इथे माईकवर बोलू शकत नाही. (हशा) ती त्यांनी नकलून काढली, तिच्यावर टिपा लिहिल्या, पोरांना शिकवली. कारण चांगली अॅटिक ग्रीक शिकायची तर अॅरिस्टोफनीस लागायचा. ज्यांना हसण्याची एवढी भीती होती, त्यांनी आधी हा माणूस जाळला असता.

खरं कारण कंटाळवाणं आहे. ग्रंथ नकलून घेणारा कुणी उरला नाही की ग्रंथ संपतो. स्ट्रेबोने अॅरिस्टॉटलच्या पुस्तकांची एक हकीकत सांगितली आहे. पुस्तकं थिओफ्रास्टसकडून नेलिअसकडे गेली, नेलिअसच्या वारसांनी ती राजाच्या ग्रंथालयासाठी उचलून नेतील या भीतीने जमिनीखाली पुरून ठेवली. ओल आणि कसर लागली. पुढे अॅपेलिकॉन नावाच्या श्रीमंताने ती विकत घेतली आणि जिथे पानं खाल्ली गेली होती तिथे स्वतःच्या मनाने मजकूर भरला. स्ट्रेबो त्याच्याबद्दल म्हणतो की हा गृहस्थ तत्त्वज्ञ कमी, पुस्तकांचा शौकीन जास्त, आणि त्याने भरलेला मजकूर चुकीचा होता. पुढे इसवीसनपूर्व ८६ मध्ये सुलाने अथेन्स घेतलं आणि ती पुस्तकं रोमला गेली. ही हकीकत जशीच्या तशी खरी धरायला आजचे अभ्यासक तयार नाहीत, आम्हीही नाही. पण अॅपेलिकॉन ध्यानात ठेवा. भोक दिसलं की ते भरायची खाज ज्याला आवरत नाही असा तो पहिला नमुना आहे. शेवटचा नाही.

आता आपल्या मुलुखात या.

वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं ते याच वत्सगुल्मात. आपल्या जिल्ह्याच्या गावी काव्य आणि काव्यशास्त्राचं लग्न लागलं, आणि आपण त्याचं वऱ्हाड! (हशा) या शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन, चौथ्या शतकातला. त्याने महाराष्ट्री प्राकृतात 'हरिविजय' नावाचं काव्य लिहिलं. सत्यभामेसाठी कृष्णाने स्वर्गातून पारिजात आणला ती कथा. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त कालिदासाच्या जोडीला त्याचं नाव घेतलं, रसासाठी मूळ कथेत योग्य बदल कसा करावा याचं उदाहरण म्हणून. तिथेच त्याने स्वतःच्या 'अर्जुनचरिता'चंही नाव घेतलंय. 'अर्जुनचरित' गेलं आणि 'हरिविजय'ही गेलं. 'हरिविजया'ची एकही पोथी मिळालेली नाही. मग आपल्याला त्यातलं काय ठाऊक आहे? भोज आणि इतर अलंकारशास्त्रज्ञांनी उदाहरणादाखल जे श्लोक घेतले, तेवढे. प्रा. व्ही. एम. कुलकर्णी यांनी ते श्लोक वेचले, त्यांचं अशुद्ध झालेलं प्राकृत दुरुस्त केलं, कथेच्या ओघात कुठला कुठे बसेल ते पाहिलं. ही झाली अवतरणांवरून पुनर्रचना. यात शब्द मूळ कवीचे असतात. जागा अंदाजाने ठरवलेली असते. मधला मजकूर नसतो, आणि शहाणा संपादक तो लिहीत नाही.

दुसरं उदाहरण रिद्धपूरचं. चक्रधरस्वामींच्या नंतर म्हाइंभटांनी लीळा गोळा केल्या. ज्याने पाहिलं, ज्याने ऐकलं त्याच्याकडे जाऊन, आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेऊन. तो 'लीळाचरित्रा'चा मूळ ग्रंथ खिलजीच्या स्वारीनंतरच्या धामधुमीत नाहीसा झाला. मग ज्यांनी तो पाठ केला होता त्यांच्या आठवणीतून तो पुन्हा लिहिला गेला. हिराइसेच्या स्मरणशक्तीचा या कामात मोठा वाटा सांगतात. आठवणी एकसारख्या नव्हत्या. त्यामुळे पाठ अनेक झाले. इथे महानुभावांनी जे केलं त्याला आम्ही हात जोडतो. त्यांनी भांडणं मिटवून एक गुळगुळीत ग्रंथ केला नाही. वेगळी आठवण असली की ती 'वासना' म्हणून त्या त्या लीळेबरोबर नोंदवून ठेवली, कुणाची तेही सांगितलं. आज डॉ. वि. भि. कोलत्यांची १९७८ ची प्रत उघडली तरी हे मतभेद डोळ्यांना दिसतात. ही झाली स्मरणावरून पुनर्रचना. शब्द थोडे हलतात, पण साक्षीदार नावानिशी उभा असतो.

म्हणजे आपल्याकडे दोन मापं झाली. शब्द मूळचे आहेत का, हे एक. आणि जिथे माहीत नाही तिथे ते उघड ठेवलंय का, हे दुसरं. ही मापं घेऊन आता अॅरिस्टॉटलच्या पुनर्रचनेकडे जाऊ.

१९२२ साली लेन कूपर या अमेरिकन प्राध्यापकाने 'कॉमेडीचा अॅरिस्टॉटली सिद्धान्त' असा ग्रंथ काढला. पद्धत साधी. उपलब्ध 'काव्यशास्त्र' घ्यायचं, शोकात्मिका जिथे असेल तिथे कॉमेडी घालायची, आणि उदाहरणं अॅरिस्टोफनीस, मोलियर यांची द्यायची. पुस्तक वाचनीय आहे, कूपरची बहुश्रुतता मोठी आहे. पण पुनर्रचना म्हणून त्याची किंमत आम्हाला फार वाटत नाही. लग्नपत्रिकेच्या जुन्या मजकुरात नावं बदलून नवी छापावी, तसं ते आहे. अॅरिस्टॉटल तसा विचार करणारा माणूस नव्हता. ज्याचा विषय बदलला त्याची तत्त्वंही तो नव्याने शोधायचा. मासे आणि पक्षी त्याने एका साच्यात घातले नाहीत, मग ईडिपस आणि अॅरिस्टोफनीसचे बेडूक का घालेल?

खरा वाद आहे तो एका लहानशा टाचणाचा. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात क्वालँ संग्रहातली १२० क्रमांकाची पोथी आहे, दहाव्या शतकातली. तिच्यात दोन-चार पानांत मावेल एवढा मजकूर आहे. जे. ए. क्रेमर याने तो १८३९ साली छापला. अभ्यासक त्याला 'ट्रॅक्टेटस कॉइस्लिनिअनस' म्हणतात, आपण नुसतं 'टाचण' म्हणू. परीक्षेच्या आदल्या रात्री विद्यार्थी काढतात तसलंच टाचण आहे ते. फाटे फोडलेले, रेघा मारलेल्या, वाक्यं अर्धी. त्यात काव्याचे प्रकार आहेत, कॉमेडीची व्याख्या आहे, हसू कशाकशातून येतं त्याची यादी आहे, कॉमेडीतली तीन पात्रं आहेत: विदूषकी करणारा, स्वतःला कमी दाखवणारा आणि बढाईखोर. कॉमेडीचे जुनी, नवी आणि मधली असे भाग आहेत.

याकोब बर्नेज या जर्मन पंडिताने १८५३ सालीच त्यातलं बरं-वाईट वेगळं करायचा प्रयत्न केला. व्याख्या त्याने टाकून दिली, हास्याची यादी मौल्यवान मानली. पुढे १९८४ साली रिचर्ड जँको यांनी धाडसी दावा केला: हे अख्खं टाचण म्हणजे हरवलेल्या दुसऱ्या पुस्तकाचाच सारांश आहे. त्यांनी इतर तुकडे आणून त्याला जोडले, आणि १९८७ च्या भाषांतरात दुसऱ्या पुस्तकाची पुनर्रचनाच छापली. वॉल्टर वॉटसन यांनी २०१२ मध्ये तीच बाजू धरून आणखी एक पुस्तक लिहिलं. बहुतेक अभ्यासक मात्र अजून साशंक आहेत.

जँकोंबद्दल एक सांगितलं पाहिजे. त्यांनी आपल्या पुनर्रचनेला 'काल्पनिक' असं नावातच म्हटलंय. महानुभावांच्या मापाने ते प्रामाणिक ठरतात. अॅपेलिकॉनच्या रांगेत त्यांना बसवणं अन्यायाचं होईल. प्रश्न पुराव्याचा आहे.

पहिली गोष्ट हास्याच्या यादीची. भाषेतून येणारं हसू सात प्रकारचं, आणि बाकीचं गोष्टींतून, घडण्यातून येणारं. भाषेतलं आधी बघू. पहिला प्रकार एका शब्दाचे दोन अर्थ. आम्ही वर बघायला आलोय असं पाहुणे म्हणाले आणि घरातलं पोरगं छताकडे बघायला लागलं, हा तो प्रकार. (हशा) दुसरा, एकच गोष्ट दोन शब्दांत सांगणं. 'बेडूक' नाटकात युरिपिडीस एस्किलसला याच कारणावरून टोचतो, की याचं पात्र आलो म्हणतं आणि लगेच परतलो म्हणतं. आपल्याकडे पिवळा पीतांबर आणि गाईचं गोमूत्र. तिसरा नुसती बडबड. मग शब्दाला शेपूट लावून केलेला शब्द, आणि मग लघुत्वाचा प्रत्यय. कारकुनाचा कारकुंडा केला की साहेबाचा रुबाब उतरतो. 'वक्तृत्वशास्त्रा'त अॅरिस्टॉटलने हेच अॅरिस्टोफनीसचं उदाहरण देऊन सांगितलंय, मोठ्या वस्तूला लाडकं लहान नाव देण्याचं. उरलेले दोन म्हणजे शब्दाची मोडतोड आणि व्याकरणाच्या रूपाशी केलेला खेळ. गोष्टींतून येणारं हसू म्हणजे फसवणूक, अशक्य, अनपेक्षित, चांगलं सोडून वाईट निवडणं, वेडंवाकडं नाचणं, धागा नसलेलं बोलणं, असं बरंच. अनपेक्षिताचं उदाहरणही 'वक्तृत्वशास्त्रा'त आहे. पायात काय घालून तो चालला म्हणताना ऐकणारा वाट बघतो वहाणांची, आणि कवी म्हणतो थंडीने फुटलेल्या भेगा.

ही यादी वाचली की वाटतं, हा अॅरिस्टॉटलच. वर्गीकरणाची हौस तीच, नजर तीच. आम्हालाही ती अस्सल वाटते. पण इथे तर्कशास्त्राचा मास्तर जागा होतो. टाचणातलं विधान अॅरिस्टॉटलच्या दुसऱ्या ग्रंथाशी जुळलं, तर दोन शक्यता उरतात. एक, ते हरवलेल्या पुस्तकातून आलं. दोन, नंतरच्या कुणा शाळामास्तराने 'वक्तृत्वशास्त्र' समोर ठेवून ते बनवलं. जुळण्याने या दोहोंतली कुठलीच सिद्ध होत नाही. जँकोंच्या ग्रंथात पानामागून पानं अशा जुळण्यांची आहेत, आणि प्रत्येक जुळणी पुरावा म्हणून मांडलेली आहे. शंभर जुळण्या मिळाल्या तरी वजन तेवढंच राहतं. वजन वाढेल कशाने? 'वक्तृत्वशास्त्रा'त नसलेली पण काव्याच्या ग्रंथात आहे असं तिथे सांगितलेली गोष्ट टाचणात सापडली तर. हास्याचे प्रकार ही तशी एक गोष्ट आहे. म्हणून यादीला आम्ही झुकतं माप देतो. बाकीच्या मजकुराला तेच माप द्यायचं कारण दिसत नाही.

उलट बाकीच्यात न जुळणारं पुष्कळ आहे. टाचण काव्याचे दोन भाग करतं, अनुकरणात्मक आणि अनुकरणाशिवायचं, आणि दुसऱ्यात इतिहास, उपदेश वगैरे घालतं. मंडळी, 'काव्यशास्त्रा'च्या पहिल्याच प्रकरणात अॅरिस्टॉटल म्हणतो की वृत्तात लिहिलं म्हणून कुणी कवी होत नाही, एम्पेडोक्लिस वृत्तात लिहितो पण तो निसर्गाचा अभ्यासक आहे. अनुकरण नसलेलं काव्य त्याच्या लेखी काव्यच नव्हे. त्याच माणसाने दुसऱ्या पुस्तकात असला भाग केला असेल? जँको यावर उत्तर देतात, पण ते ओढूनताणून दिलेलं आहे. कॉमेडीच्या 'नवी' या नावाचाही घोळ आहे. अॅरिस्टॉटल ३२२ साली गेला, इसवीसनपूर्व. मिनँडर तेव्हा नाटकं लिहायला नुकताच लागत होता. 'नीतिशास्त्रा'त अॅरिस्टॉटलने जुन्या आणि नव्या कॉमेडीतला फरक सांगितलाय खरा: जुनी उघड शिवीगाळ करते, नवी सूचकतेने बोलते. पण जुनी, मधली, नवी ही जी तिहेरी विभागणी आहे तिला नंतरच्या व्याकरणकारांचा वास येतो.

आणि आता व्याख्या. टाचण सांगतं की कॉमेडी ही हास्यास्पद कृतीचं अनुकरण आहे, आणि ती सुख व हास्य यांच्याद्वारे तसल्याच भावनांचं विरेचन करते. वर म्हणतं, हास्य ही तिची आई. शोकात्मिकेची प्रसिद्ध व्याख्या ज्याला ठाऊक आहे त्याला इथे कूपरसारखीच नाव-बदल करून छापलेली पत्रिका दिसेल. करुणा आणि भीती या त्रास देणाऱ्या भावना आहेत, त्यांचं विरेचन व्हावं हे समजतं. पण सुखाचं विरेचन कशाला? 'नीतिशास्त्रा'च्या दहाव्या पुस्तकात सुख म्हणजे कृतीला पूर्णत्व देणारी गोष्ट आहे. ते काही पोटात साठून राहिलेलं अजीर्ण नाही. शिवाय सुख आणि हास्य एका दोरीत बांधणं हाच मुळात वर्गीकरणाचा घोटाळा, आणि वर्गीकरणात अॅरिस्टॉटल घोटाळा करत नाही. बर्नेजने ही व्याख्या टाकली ते योग्यच केलं.

जँकोंचं एक म्हणणं मात्र आम्हाला पटतं. प्रोक्लस आणि आयँब्लिकस या उत्तरकालीन प्लेटोवाद्यांकडे असा मजकूर आहे की शोकात्मिका आणि कॉमेडी दोन्ही पाहून आपल्या भावना मापात येतात, आणि प्लेटोने या दोघींना हाकलून दिलं याबद्दल अॅरिस्टॉटलची तक्रार होती. म्हणजे कॉमेडीनेही भावनेवर काही काम होतं, असा विचार त्याच्या नावावर होता. तो कसा असावा हे 'नीतिशास्त्रा'वरून कळतं. तिथे हसण्या-हसवण्यातला एक सद्गुण आहे, दोन टोकांच्या मधला. एका टोकाला विदूषक, काहीही झालं तरी हसवणारच. दुसऱ्या टोकाला रांगडा, ज्याला कुठलीच थट्टा सोसत नाही. मध्ये तो, ज्याला कुठे किती हसावं याचं भान आहे. कॉमेडी ते भान लावते, असं त्याचं म्हणणं असेल तर ते त्याला शोभेल. यात विरेचनापेक्षा सवयीचा भाग मोठा आहे. इथवर आम्ही जँकोंबरोबर आहोत.

मराठीत हा विषय कुणी हाताळलाच नाही असं नाही. विंदा करंदीकरांचं 'अॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र' १९५७ चं. ज्याला इंग्रजीची अडचण आहे त्याने ते जरूर वाचावं, पाचवं प्रकरण दोनदा. न. चिं. केळकरांनी तर 'हास्यविनोदमीमांसा' हा पूर्ण ग्रंथच लिहिला. आमची एक लहानशी तक्रार 'सुखात्मिका' या शब्दाबद्दल आहे. त्या शब्दाने शेवट गोड असला की झालं, असं वाटू लागतं. अॅरिस्टॉटलची कॉमेडी ठरते ती कोणत्या दर्जाची माणसं दाखवली आणि त्यांच्यातलं हास्यास्पद काय, यावरून. शेवटी सगळे मित्र होऊन रंगभूमीवरून गेले, कुणी कुणाला मारलं नाही, याचा तो चेष्टेने उल्लेख करतो, पण व्याख्या त्याच्यावर उभी करत नाही.

आता वऱ्हाडच्या माणसाकडे येतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. जन्म नागपूरचा, वकिली अकोला, खामगाव, जळगाव जामोद अशा आपल्या भागात. 'सुदाम्याचे पोहे' मध्ये सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या अशी तीन पात्रं आहेत. टाचणातही तीन. आमच्या ओळखीच्या अभ्यासकांत कुणाला मोह होईल की बढाईखोर कोण, कमी दाखवणारा कोण, विदूषक कोण, लावा जोड्या. लागतीलही. पण जी जोडी कुठेही लागते ती काही सांगत नाही. चाळणीची भोकं एवढी मोठी असली की सगळंच खाली पडतं. टाचणाच्या आधारे मोलियर, शेक्सपिअर, चॅप्लिन कुणालाही समजावून देणारी पुस्तकं वाचताना आम्हाला हीच चाळणी दिसते.

कोल्हटकरांचं वेगळेपण दुसरीकडे आहे, आणि आजच्या व्याख्यानात आम्हाला ज्याची खरी काळजी वाटते ते इथेच आहे. पाचव्या प्रकरणात अॅरिस्टॉटल म्हणतो की हास्यास्पद म्हणजे अशी चूक किंवा कुरूपता, जिच्यात वेदना नाही, नाश नाही. विनोदी मुखवटा वेडावाकडा असतो, पण तो कळवळत नसतो. हे त्याचं अस्सल वाक्य, याबद्दल वाद नाही. प्रश्न एवढाच की वेदना कुणाला नाही? मुखवट्याला? बघणाऱ्याला? की ज्याच्यावर हसलं त्याला? अॅरिस्टॉटल इथे सांगत नाही. टाचण पुढे जाऊन म्हणतं की कॉमेडी ही निंदेपासून वेगळी, कारण निंदा दोष उघडपणे मांडते आणि कॉमेडी सूचकतेने. इथे दुसरं पुस्तक हवं होतं. नेमकं इथे.

कारण कोल्हटकरांचा विनोद रूढींवर होता, कर्मकांडावर होता, आणि तो लागावा म्हणूनच लिहिला होता. त्यांच्या आधी जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' नाटक लिहिलं. त्यात भोळ्या कुणब्याला नाडणाऱ्या भिक्षुकाच्या शेजारी एक विदूषक उभा केला आहे, आणि तो मध्ये मध्ये बोलून सगळं उघडं पाडतो. सूचकता फारशी नाही. सत्यशोधकी जलशात तर मुळीच नाही. आपल्याकडची दंडार ज्यांनी पाहिली असेल त्यांना ठाऊक आहे, सावकाराचं सोंग आलं की गावातला सावकार कोण हे सांगावं लागत नाही. या हसण्यात कुणाला तरी वेदना आहे, ती असावी म्हणूनच ते आहे. ते कॉमेडी आहे की निंदा?

गेल्या काही वर्षांत कुणी काही विनोद केला की लगेच म्हटलं जातं, विनोद निखळ असावा, कुणाला दुखवणारा नसावा. ज्याला थट्टा सोसत नाही तो रांगडा, असं अॅरिस्टॉटल 'नीतिशास्त्रा'त म्हणतो, ते कुणी सांगत नाही. पण दहाव्या शतकातल्या अनामिक टाचणातली निंदेची ओळ मात्र 'अॅरिस्टॉटलने म्हटलंय' म्हणून व्याख्यानांत फिरते. आम्ही ती दोन-तीनदा स्वतः ऐकली आहे. म्हणून पुनर्रचना हा केवळ पंडितांचा खेळ राहत नाही. मेलेल्या मोठ्या माणसाच्या तोंडी आपण जे वाक्य घालतो, ते जिवंत माणसाचं तोंड बंद करायला वापरलं जाऊ शकतं. ती ओळ कदाचित अॅरिस्टॉटलची असेलही. पण जोवर शब्द त्याचा आहे हे दाखवता येत नाही, तोवर ती 'वासना' म्हणून समासात राहू द्या. मूळ पाठात घेऊ नका.

भरताकडे आज जाणार नव्हतो, पण एक वाक्य बोलून टाकतो. 'नाट्यशास्त्रा'ने स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित असे हसण्याचे सहा प्रकार केले आणि ते उत्तम, मध्यम, अधम माणसांत वाटून टाकले. म्हणजे मोठ्याने हसणारा अधम. अॅरिस्टॉटलने कॉमेडीतली माणसं हलकी म्हटली, भरताने हसणाऱ्यांचीच प्रतवारी लावली. दोघेही वरच्या ओसरीवर बसून खालच्या अंगणातलं हसू मोजत होते, असं आम्हाला वाटतं. यावर वाद होऊ शकतो, जरूर करा.

एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे, त्याचं उत्तर देऊन थांबतो. विचारलंय, हे पुस्तक कधी सापडेल का? इसवीसन ७९ मध्ये व्हेसुव्हिअसच्या राखेत हर्क्युलेनिअमचं एक ग्रंथालय गाडलं गेलं. त्यातल्या कोळसा झालेल्या गुंडाळ्या आता न उलगडता, क्ष-किरणांनी आणि संगणकाने वाचायला सुरुवात झाली आहे. आशा ठेवायला हरकत नाही. पण ते ग्रंथालय मुख्यतः एपिक्युरसच्या अनुयायांचं, फिलोडिमसचं आहे. त्याच्या काव्यावरच्या ग्रंथाच्या गुंडाळ्यांवर जँको स्वतः कित्येक वर्षं खपले आहेत. फिलोडिमस विरोधकांची मतं खोडून काढण्यासाठी सविस्तर देतो. तेव्हा अख्खं पुस्तक मिळायची शक्यता थोडी, पण शत्रूने दिलेलं एखादं अवतरण मिळू शकेल. मिळालं तर त्यातले शब्द तरी अॅरिस्टॉटलचे असतील, 'हरिविजया'च्या श्लोकांसारखे.